घरपट्टीचे विधेयक मंजूर होण्याआधी करदात्याला वाचायला मिळावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरपट्टीचे बिल हातात पडले की आपल्यापैकी बहुतेक जण आधी खालची एकूण रक्कम पाहतात, मग भरण्याची शेवटची तारीख पाहतात आणि बिल कपाटात ठेवून देतात. मीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. यंदा मात्र ते बिल मी ओळीओळीने वाचले. प्रत्येक ओळीमागे कोणता कायदा आहे, तो कोणी केला आणि त्यात बदल कोण करतो, याचा जमेल तसा माग काढला. राज्य विधिमंडळाच्या जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यांत दुरुस्ती करणारी विधेयके येतात आणि त्यांतील काही थेट आपल्या घरपट्टीला हात घालतात. तरीही ज्याला पैसे भरायचे आहेत त्याला ती वाचून मत बनवण्याइतका अवधी मिळत नाही. येत्या अधिवेशनाआधी या एका गोष्टीकडे लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बिलावर पालिकेचे बोधचिन्ह असते, म्हणून तो सगळा कर पालिकेचा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सामान्य कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिःसारण कर, वृक्ष उपकर या ओळींच्या खालीच शिक्षण उपकराची ओळ असते आणि तो उपकर राज्य सरकारचा असतो. १९६२ च्या एका राज्य कायद्यानुसार पालिका तो केवळ गोळा करून शासनाकडे भरते. व्यापारी जागा असेल तर त्याच कायद्याखालचा रोजगार हमी उपकरही लागतो. घर ठरावीक आकाराहून मोठे असेल, तर मोठ्या निवासी जागांवरील कराचा १९७९ चा वेगळा कायदा आहे. पालिकेच्या खिडकीवर भरलेल्या रकमेतला किती भाग आपल्या गल्लीतल्या दिव्यासाठी राहतो आणि किती भाग वर जातो, हे किती करदात्यांना ठाऊक असेल? व्यवसाय कराचेही असेच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने हा कर राज्यासाठी किंवा स्थानिक संस्थांसाठी लावण्याची मुभा दिली आहे. महाराष्ट्रात मात्र १९७५ च्या कायद्यापासून तो राज्यच घेते.

जो कर पालिकेचाच आहे, त्याचाही लगाम विधिमंडळाच्या हाती असतो. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४३ भ पालिकांना कर लावण्याचा अधिकार स्वतःहून देत नाही. तो अधिकार राज्य विधिमंडळाने कायदा करून द्यावा, एवढेच म्हणतो. त्यामुळे मुंबईला १८८८ चा, इतर महानगरपालिकांना १९४९ चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा आणि गावांना ग्रामपंचायत अधिनियम लागू होतो. कर कशावर लावायचा, मूल्य कसे काढायचे, दराची मर्यादा काय, सूट कोणाला, थकबाकीवर दंड किती, हे सारे त्या त्या कायद्यात बांधलेले असते. पालिकेच्या सभागृहाला त्या चौकटीत राहून फक्त दर ठरवता येतो, आणि महानगरपालिकेत तो दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावा लागतो.

ही व्यवस्था चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. गावोगावी वेगवेगळ्या करपद्धती असण्यापेक्षा राज्याची एक चौकट असलेली बरी. पण त्यामुळे जबाबदारीचे काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या घराची नव्याने मोजणी झाली, बंदिस्त केलेली गॅलरी वाढीव क्षेत्र म्हणून धरली गेली आणि मागील तीन वर्षांच्या फरकासह बिल आले. मी मुदतीत हरकत घेतली. सुनावणीच्या दिवशी आम्ही साठ-सत्तर जण एकाच वेळी बोलावले गेलो होतो. माझ्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे आली आणि काही आठवड्यांनी ‘आक्षेप फेटाळण्यात येत आहे’ असे एका ओळीचे उत्तर मिळाले. त्या दिवशी समोरचे अधिकारी अत्यंत सौजन्याने मला म्हणाले, की कायदा वरून आला आहे, आमच्या हातात काही नाही. मग मी आमच्या विधानसभा सदस्यांच्या कार्यालयात गेलो, तर तिथे सांगितले गेले की घरपट्टी हा पालिकेचा विषय आहे. दोघांपैकी कोणीही माझ्याशी खोटे बोलले नाही, पण दोघांच्या उत्तरांमधल्या फटीत माझी हरकत नाहीशी झाली.

ही फट जिथे पडते ते ठिकाण म्हणजे विधेयक मंजूर होण्याची प्रक्रिया, आणि माझा मुख्य मुद्दा तिथलाच आहे.

कराचा विषय निघाला की ते धन विधेयक असणार आणि वरिष्ठ सभागृहाला त्यात फारसे स्थान नसणार, असे आपण गृहीत धरतो. राज्याच्या करांपुरते ते खरे आहे. धन विधेयकावर विधान परिषदेला १४ दिवसांत केवळ शिफारशी करता येतात. परंतु अनुच्छेद १९९ च्या दुसऱ्या खंडात एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्थानिक प्राधिकरणाने किंवा मंडळाने स्थानिक कारणांसाठी लावायच्या कराची तरतूद केली, एवढ्याच कारणाने कोणतेही विधेयक धन विधेयक ठरत नाही. म्हणजे घरपट्टीची दुरुस्ती हे साधे विधेयक असते. विधान परिषद त्यावर सविस्तर चर्चा करू शकते, दुरुस्त्या सुचवू शकते आणि पटले नाही तर ते तीन महिने रोखूही शकते. अखेरचा शब्द विधानसभेचाच राहतो, पण विचाराला सवड मिळते. घटनाकारांनी ही सवड समजून-उमजून ठेवली असावी असे मला वाटते, कारण त्यांनीच अनुच्छेद १७१ मध्ये विधान परिषदेचे सुमारे एक तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी निवडून द्यावेत, अशी सोय केली आहे. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा २२ जागा आहेत. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य ज्यांना मते देतात, ते हे आमदार. पालिकेच्या करांवरचा कायदा होत असताना पालिकांचा आवाज सभागृहात असावा, याची याहून नेमकी तजवीज दुसरी कोणती असू शकते?

पण गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात काय झाले? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच सुमारास राज्यातल्या इतर बहुतेक मोठ्या महापालिकांची आणि अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. प्रभागरचना आणि आरक्षणाचे वाद न्यायालयांत राहिले, निवडणुका लांबल्या आणि प्रशासकांचा कारभार जवळपास चार वर्षे चालला. या काळात सभागृहाने दर ठरवण्याचे अधिकारही प्रशासकाने वापरले. आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि आयुक्तच प्रशासक म्हणून तो मंजूर करणार, असा तो प्रकार होता. याचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या ध्यानात आला. मतदारच अस्तित्वात नसल्याने विधान परिषदेतील स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांतल्या अनेक जागा मुदत संपल्यावर रिकाम्या राहिल्या. म्हणजे शहरात नगरसेवक नाही, वरिष्ठ सभागृहात त्या शहराच्या नगरसेवकांनी निवडलेला आमदार नाही, आणि त्याच काळात त्या शहरांच्या कायद्यांत दुरुस्त्या होत राहिल्या. माझ्या पिढीने स्थानिक स्वराज्य हा शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकला. त्यातील ‘स्वराज्य’ इतके पोकळ झालेले मी यापूर्वी पाहिले नव्हते, आणि याचे मला मनापासून दुःख आहे.

विधेयकांचा मजकूर हाही एक वेगळाच अडथळा आहे. आपल्या राज्यात विधेयके मराठीत येतात आणि २०२२ च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारातही मराठी बंधनकारक झाली, याचा मला अभिमान आहे. परंतु दुरुस्ती विधेयक उघडले की ‘मुख्य अधिनियमाच्या कलम अमुकच्या पोट-कलम तमुकमध्ये, या मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल’ अशा वाक्यांची रांग लागते. मूळ कायदा शेजारी उघडून ठेवल्याशिवाय त्यातून काहीही उमगत नाही, आणि ज्यात आतापर्यंतच्या सर्व दुरुस्त्या समाविष्ट आहेत अशी मूळ कायद्याची अद्ययावत मराठी प्रत सामान्य माणसाला सहज मिळत नाही. एका पानावर डावीकडे आजचे कलम आणि उजवीकडे दुरुस्तीनंतरचे कलम छापायला कितीसा खर्च येणार आहे? उद्देश आणि कारणांचे निवेदन जोडलेले असते, पण त्यात ‘करदात्यांना दिलासा देण्यासाठी’ किंवा ‘प्रशासकीय सुलभतेसाठी’ यापलीकडे फारसे काही नसते. पाचशे चौरस फुटांच्या घराला यातून वर्षाला किती फरक पडेल, हे सांगणारे एक उदाहरण तरी त्यात असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

माफी आणि सवलतींच्या विधेयकांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वाढीला विरोध करायला सगळे पुढे येतात आणि माफीची चिकित्सा करायला कोणीच धजावत नाही. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये करमाफी जाहीर झाली. लोकांनी ती पूर्ण माफी समजली. प्रत्यक्षात ती मालमत्ता करातील सामान्य करापुरतीच होती, आणि बाकीच्या घटकांची बिले हाती आल्यावर गोंधळ उडाला. पुढे २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय झाला. लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाला दिलासा मिळाला याचा मला आनंदच आहे. प्रश्न असा आहे की कर पालिकेचा, माफीचा निर्णय राज्याचा, मग पालिकेच्या तिजोरीतला खड्डा कोणी भरायचा, हे विधेयकातच लिहिलेले असायला नको का?

असे लिहिता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जकात गेली, तिच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्यातून वगळले गेले, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकात आणि इतर ठिकाणचा उरलेला स्थानिक संस्था कर दोन्ही संपले. शहरांच्या उत्पन्नाचा कणाच मोडण्याची ती वेळ होती. परंतु त्या वेळी, मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात, स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरून मुंबईसारख्या पालिकेची भरपाई ठरू लागली. ती रक्कम कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही, कारण ती कायद्यात होती. मग घरपट्टीच्या माफीच्या प्रत्येक विधेयकात असेच भरपाईचे कलम का असू नये? राज्याला माफी द्यायची असेल तर राज्याने आपल्या तिजोरीतून ती द्यावी. पालिकेच्या ताटातले काढून वाढायचे आणि श्रेय आपण घ्यायचे, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारने करू नये, आणि आजवर सर्वच पक्षांच्या सरकारांच्या काळात ते झाले आहे.

सवलत कायद्यात नीट बसवली नाही तर काय होते, हे पुणेकरांनी सोसले आहे. स्वतः राहत असलेल्या घरमालकांना तिथे १९७० पासून करात ४० टक्के सवलत मिळत होती. ती पालिकेच्या ठरावावर उभी होती. लेखापरीक्षणात तिला कायद्याचा आधार नसल्याचा आक्षेप निघाला, सवलत थांबली, नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना पूर्ण बिले गेली आणि अनेकांकडे मागील फरक मागितला गेला. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली. त्यानंतर घरात आपणच राहतो हे सिद्ध करण्यासाठी लोकांनी पीटी-३ अर्ज भरले, पुरावे जोडले, आणि ज्यांनी जादा पैसे भरले होते त्यांनी ते पुढच्या बिलांतून वळते होण्याची वाट पाहिली. यात ज्येष्ठ नागरिकांनी उन्हात किती रांगा लावल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात येत नाही. जी गोष्ट एका ओळीच्या दुरुस्तीने वेळीच निस्तरता आली असती, तिचे घोंगडे इतकी वर्षे भिजत पडले.

भांडवली मूल्याची कथा याच्या उलट आहे. तिथे कायदा होता, पण त्याखालच्या नियमांनी मर्यादा ओलांडली. पूर्वी घराचे वार्षिक भाडेमूल्य काढून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरे. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून बाजारभावाशी जोडलेली भांडवली मूल्याची पद्धत आली. तिच्या २०१० आणि २०१५ च्या नियमांपैकी नियम क्रमांक २०, २१ आणि २२ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जमिनीवर उद्या किती बांधकाम होऊ शकेल, या शक्यतेवर आज कर लावता येणार नाही, मिळकत आज जशी आहे तशीच ती मोजली पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा आहे. पद्धत लागू झाल्यापासून हा निकाल लागेपर्यंत बारा वर्षे गेली. नियमांचा मसुदा त्या वेळी मूल्यमापन जाणणाऱ्या जाणकारांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि व्यापाऱ्यांनी महिनाभर तपासला असता, तर ही त्रुटी कोणाच्याच ध्यानात आली नसती, हे मला पटत नाही. न्यायालयाने नियम रद्द केल्यावर फेरआकारणी करायची, तोवर भरलेल्या रकमांचा हिशेब लावायचा, हे वरातीमागून घोडे झाले, आणि त्यात पालिकेचेही नुकसान आणि करदात्याचेही.

थकबाकीबद्दल मी थोडक्यात लिहितो. महानगरपालिका आणि नगरपरिषदा या दोन्ही कायद्यांत थकीत करावर दरमहा २ टक्के दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. हा दर जबर आहे आणि म्हणूनच काही वर्षांनी अभय योजना आणावी लागते. मग जो वेळेवर भरतो तो शहाणा ठरत नाही, आणि जो अभय योजनेची वाट पाहतो त्याला सूट मिळते. दंडाचा दर बँकेच्या कर्जाच्या दराजवळ आणावा आणि त्यानंतर अभय योजनेचा विषयच काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच कराविरुद्ध अपील करायचे तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते, ही अट सामान्य घरमालकाला न्यायालयाच्या पायरीवरून परत पाठवते. निर्विवाद रक्कम आणि वादग्रस्त रकमेचा काही भाग एवढेच घ्यावे.

काही जण म्हणतील की लोकांना विचारत बसलो तर एकही करवाढ कधी मंजूर होणार नाही. या म्हणण्यात काही तथ्य नक्कीच आहे. करवाढ कोणालाच नको असते, आणि पालिकांचे उत्पन्न वाढलेच पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. १५ व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी अटच घातली होती, की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या प्रमाणात वाढावी. म्हणजे वसुली वाढली नाही तर केंद्राचे अनुदानही हातचे जाणार होते. पण ही अट, तिची कारणे आणि तिचे परिणाम लोकांपुढे मांडले तर लोक ऐकत नाहीत, हे मला मान्य नाही. माझ्या सोसायटीच्या वार्षिक सभेत देखभाल खर्च वाढवण्याचा ठराव येतो, हिशेब समोर ठेवला जातो, दोन तास वादावादी होते आणि शेवटी वाढ मंजूर होते. लोकांचा राग वाढीवर असतो त्याहून अधिक तो न विचारता केलेल्या वाढीवर असतो.

विचारण्याची पद्धतही नव्याने शोधायची गरज नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१४ मध्ये विधेयकपूर्व विचारविनिमयाचे धोरण जाहीर केले. कोणत्याही प्रस्तावित कायद्याचा मसुदा, त्याची गरज, आर्थिक भार आणि लोकांवर होणारा परिणाम सोप्या भाषेत मांडून किमान ३० दिवस जनतेपुढे ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. केंद्रातही ते नेहमी पाळले जात नाही, हे खरे; म्हणूनच महाराष्ट्राने ते केवळ धोरण न ठेवता कायद्यात बांधावे. आपल्या विधिमंडळालाही या वाटेची सवय आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. त्या विधेयकाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. एवढेच सांगतो, की विचारले तर हजारो लोक वेळ काढून लिहितात. मग ज्या कायद्याने प्रत्येक घराला दरवर्षी बिल येणार आहे, तो संयुक्त समितीकडे न जाता एखाद्या दिवसाच्या आवाजी मतदानाने का मंजूर व्हावा? मुंबईचा १८८८ चा कायदा आजही चालू आहे, आणि त्याच्या विधेयकावर त्या काळच्या मर्यादित अधिकारांच्या कौन्सिलातही फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कसून वाद घातला होता. परक्या सत्तेच्या काळात जितकी चिकित्सा झाली, तितकी तरी आपल्या राज्यात व्हावी.

अध्यादेशांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असेल तरच राज्यपालांनी अध्यादेश काढावा आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो संपावा, असे अनुच्छेद २१३ सांगतो. तेच अध्यादेश पुन्हापुन्हा काढण्याविरुद्ध पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधील शेकडो अध्यादेशांचा अभ्यास करून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका मराठी शहरातील अभ्यासकाने दुसऱ्या राज्यासाठी हे काम केले. निदान स्थानिक करांच्या बाबतीत अध्यादेशाचा मार्गच वापरणार नाही, असा संकेत महाराष्ट्राने पाळला तर ते त्या कामाला साजेसे होईल. कर पुढच्या १ एप्रिलपासूनच लागणार असतो. त्यात अशी कोणती तातडी असते? पूर्वलक्षी प्रभावाने कर वाढवण्याची मुभाही कायद्यातून काढून टाकावी. ज्याने मुदतीत बिल भरले आणि पावती घेतली, त्याचा त्या वर्षाचा हिशेब संपला, असे समजले पाहिजे.

राज्य वित्त आयोगाचेही असेच आहे. राज्याच्या उत्पन्नातला किती वाटा पालिका आणि पंचायतींना द्यायचा, हे सुचवण्यासाठी दर पाच वर्षांनी तो नेमायचा असतो, आणि त्याच्या शिफारशी, त्यावर काय केले याच्या स्पष्टीकरणासह, विधिमंडळापुढे ठेवायच्या असतात. अहवाल आणि त्यावरील कार्यवाही यांत अनेकदा इतके अंतर पडते की पुढचा आयोग नेमण्याची वेळ येते. हा अहवाल अधिवेशनाच्या पटलावर आला की त्यावर पूर्ण दिवसाची चर्चा व्हावी. पालिकांना त्यांचा वाटा वेळेवर मिळाला, तर घरपट्टी वाढवण्याचा आग्रहही काही प्रमाणात सैल होईल.

सर्व पक्षांच्या विधिमंडळ सदस्यांना माझी विनंती आहे, की स्थानिक कराला हात लावणारे पुढचे विधेयक पटलावर येईल तेव्हा त्यांनी ते संयुक्त समितीकडे पाठवण्याचा आग्रह धरावा, समितीने मराठी मसुदा जुन्या-नव्या कलमांसह ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, आणि भरपाईचे कलम नसेल तर तसे स्पष्ट विचारावे. विधान परिषदेतील स्थानिक संस्थांच्या जागा रिकाम्या असतील, तर त्या भरेपर्यंत अशी विधेयके शक्यतो पुढे ढकलावीत. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. अधिवेशनाच्या बातम्यांत सभात्याग आणि घोषणाबाजीला जी जागा मिळते, तिच्यातली थोडी जागा त्या दिवशी मांडल्या गेलेल्या विधेयकांच्या यादीला द्यावी. नाव, क्रमांक आणि कोणत्या कायद्यात दुरुस्ती आहे, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. तेवढे छापले गेले तर मूळ कायदा उघडून ताडून पाहण्याचे आणि मुदतीत हरकत पाठवण्याचे काम माझ्यासारखे करदाते स्वतः करतील.

आपला नम्र,
एक करदाता नागरिक